वाट पाहणारी आज्ञावली आणि सिग्नलचा व्यत्यय

संगणक अतिशय वेगाने काम करतो हे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की, त्यावर चालणाऱ्या बहुतेक आज्ञावल्या आपल्या आयुष्याचा मोठा भाग नुसती वाट पाहण्यात घालवितात, हे विधान प्रथमदर्शनी विपरीत वाटते. तथापि ते खरे आहे. कळफलकासमोर बसलेला मनुष्य पुढचे अक्षर दाबीपर्यंत, तारेवरून दुसऱ्या यंत्राचे उत्तर येईपर्यंत, किंवा सोबतच्या एखाद्या आज्ञावलीचे काम संपेपर्यंत आज्ञावली थांबून राहते. ज्या गोष्टीवाचून पुढचे पाऊल टाकता येत नाही तिची वाट पाहणे हाच तेव्हा योग्य मार्ग असतो. प्रश्न उद्भवतो तो निराळाच. ही वाट पाहणे चालू असतानाच बाहेरून एखादी तातडीची वर्दी आली, तर अर्ध्यावर आलेल्या कामाचे काय करावे? युनिक्स या कार्यप्रणालीच्या पन्नासहून अधिक वर्षांच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर काही जुन्या आज्ञावल्या नकळत सदोष ठरल्या.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे तिचे प्रमुख शिल्पकार होत. या प्रणालीत सामान्य आज्ञावलीला यंत्राच्या उपकरणांना थेट हात लावता येत नाही. तो अधिकार प्रणालीच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नेलचा असतो. फाइलीतून वाचावयाचे असो की पडद्यावर लिहावयाचे असो, आज्ञावलीने गाभ्याकडे रीतसर मागणी करावी लागते. या मागणीस सिस्टिम कॉल म्हणतात. टपाल कचेरीतील व्यवहाराशी हे पुष्कळसे जुळते. आपली रक्कम काढण्यासाठी कोणी तिजोरीत हात घालीत नाही. खिडकीवर अर्ज द्यावा लागतो आणि आतला कारकून काम करून देतो. काम तेव्हाच होण्याजोगे असेल तर अर्जदार लगेच बाहेर पडतो. तसे नसेल तर त्याला बाकावर बसावे लागते. रीड या कॉलने कळफलकावरून अक्षरे मागितली आणि अजून कोणी काही टंकलेच नसेल, तर गाभा त्या आज्ञावलीला झोपवून ठेवतो व यंत्र दुसऱ्या कामास जुंपतो. अशा कॉलला रोधी कॉल म्हणता येईल.

सिग्नल हा शब्द भारतीय वाचकाला रेल्वेमुळे परिचित आहे. परंतु युनिक्समधील सिग्नलची तुलना फलाटाबाहेरच्या खांबापेक्षा डब्यातील साखळीशी अधिक होऊ शकते. खांबाकडे चालकाचे लक्ष असते. साखळी मात्र कोणत्याही क्षणी, गाडी कोठेही असताना ओढली जाते. कळफलकावर कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्या की चालू आज्ञावलीला २ क्रमांकाचा सिगइंट हा सिग्नल जातो. आज्ञावलीने स्वतःच लावून ठेवलेला गजर झाला की १४ क्रमांकाचा सिगअलार्म येतो. मरणाची सूचना देणारा सिगटर्म १५ क्रमांकाचा आहे आणि सूचनेवाचून मारणारा सिगकिल ९ क्रमांकाचा. सिगकिल आणि प्रक्रिया थांबवून ठेवणारा सिगस्टॉप हे दोन वगळता इतरांच्या बाबतीत आज्ञावलीला निवड करता येते. सिग्नलचा जो मूळ परिणाम असेल तो होऊ द्यावा, सिग्नलकडे दुर्लक्ष करावे, किंवा त्याची दखल घेणारे एक लहानसे उपकार्य नेमावे. या उपकार्यास हँडलर म्हणतात. सिग्नल आला की आज्ञावली हातातले काम सोडून हँडलर पार पाडते आणि मग सोडल्या ठिकाणी परत येते.

आज्ञावली स्वतःच्या सूचना चालवीत असेल तर या परत येण्यात काही अडचण नाही. पण ती गाभ्याच्या आत, बाकावर झोपलेली असेल तर? हँडलर हा आज्ञावलीच्या बाजूचा आहे. तो चालविण्यासाठी तिला खिडकीपासून घरी आणले पाहिजे. मग खिडकीवरच्या अर्जाचे काय झाले असे समजावयाचे?

या कोड्याचे एक उत्तर मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत सापडले होते. तेथील आयटीएस या प्रणालीचा दंडक असा होता की, बाहेरून पाहणाऱ्यास कोणतीही प्रक्रिया कॉलच्या अधेमधे लोंबकळताना कधीही दिसता कामा नये. एक तर कॉल पुरा झालेला असावा, नाही तर अद्याप सुरूच झालेला नसावा. त्यासाठी गाभा पुढील सूचनेचा पत्ता दाखविणारा यंत्रातील दर्शक एक पाऊल मागे घेई, आणि जेवढे काम झालेले असेल तेवढे कॉलच्या मूळ मागणीतून वजा करून ठेवी. व्यत्यय संपल्यावर तीच सूचना पुन्हा चाले व उरलेले काम आपोआप पुढे सरके. आज्ञावली लिहिणाऱ्याला यातले काहीच कळण्याची गरज नसे. मात्र गाभा लिहिणाऱ्याला प्रत्येक कॉलमध्ये ही माघार घेण्याची तजवीज करावी लागे, आणि ती अत्यंत किचकट होती.

बेल प्रयोगशाळेत निराळा मार्ग पत्करला गेला. १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत ही योजना इतकी लहान आहे की ती थोडक्यात सांगता येते. कॉल सुरू करण्यापूर्वी गाभा एक खूण वर करतो. कॉल नीट पार पडला तर ती खूण खाली केली जाते. मधेच सिग्नल आला तर गाभा कॉलच्या खोल पायऱ्या एकामागून एक उतरत न बसता एका उडीत सुरुवातीच्या जागी येतो. तेथे खूण अजून वरच आहे असे आढळले की ४ क्रमांकाची चूक नोंदवून आज्ञावलीस परत पाठविले जाते. या चुकीचे नाव ईआयएनटीआर, म्हणजे व्यत्यय आलेला कॉल. अर्ज पुन्हा करावयाचा की नाही हे अर्जदाराने पाहावे. कचेरीवर त्याची जबाबदारी नाही.

सगळ्याच झोपा अशा मोडता येत नाहीत, हेही त्याच आवृत्तीत ठरले. गाभ्यात झोपणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला एक अग्रक्रम दिलेला असे. तबकडीची वाट पाहणाऱ्या झोपेचा अग्रक्रम असा ठेवला होता की सिग्नल तिला हात लावू शकत नसे, कारण तबकडीचे उत्तर थोड्याच वेळात येणार हे निश्चित असते आणि तेवढ्यासाठी अर्धवट हलविलेल्या माहितीची निस्तरणी करण्यात अर्थ नसतो. कळफलकाची किंवा पाइपची, म्हणजे एका प्रक्रियेकडून दुसरीकडे बाइट वाहून नेणाऱ्या नळीची वाट मात्र अमर्याद असू शकते. म्हणून ती झोप मोडता येते. मंद आणि शीघ्र उपकरणांमधील हा भेद आजही टिकून आहे.

या दोन परंपरांची गाठ कशी पडली याची एक हकीकत रिचर्ड गॅब्रिएल या संगणकतज्ज्ञाने १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात सांगितली आहे. एमआयटीमधील एका तज्ज्ञाने युनिक्सचा गाभा वाचला आणि माघारीची योजना कोठेच कशी दिसत नाही, असे युनिक्सवर काम करणाऱ्या एका तज्ज्ञाला विचारले. प्रश्न आपल्याला ठाऊक आहे, आणि चूक परत पाठविणे हेच त्याचे उत्तर आहे, असे त्याने सांगितले. पहिल्याला हे पटले नाही. गाभा साधा राहिला पाहिजे हे दुसऱ्याचे म्हणणे, आणि आज्ञावली लिहिणाऱ्याला त्रास होऊ नये हे पहिल्याचे. गॅब्रिएलने या प्रसंगावरून कमी दर्जाचे पण साधे उपायच शेवटी पसरतात असा सिद्धान्त मांडला. सिद्धान्ताविषयी मतभेद होऊ शकेल, परंतु ओझे कोणाच्या खांद्यावर टाकले गेले याविषयी नाही. गाभा लिहिणारे मूठभर असतात. त्यावर आज्ञावल्या लिहिणारे लाखो. या लाखोंपैकी प्रत्येकाने प्रत्येक कॉलनंतर ४ क्रमांकाची चूक तपासावी अशी ही अपेक्षा होती, आणि ती पुरी होणे मनुष्यस्वभावाला धरून नव्हते.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत आणखी एक उणीव होती. एकदा हँडलर चालला की त्याची नेमणूक आपोआप रद्द होई आणि ती पुन्हा करावी लागे. या दोहोंच्या मधल्या अल्पशा अवधीत दुसरा सिग्नल आला तर आज्ञावली मरून पडे. १९८३ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून बाहेर पडलेल्या ४.२ बीएसडी या आवृत्तीने ही उणीव दूर केली आणि त्याबरोबर व्यत्यय आलेले वाचन, लेखन इत्यादी कॉल आपोआप पुन्हा सुरू करण्याची प्रथा घातली. तिच्यामागे व्यवहारी कारण होते. आपली आज्ञावली तबकडीवरील फाइल वाचणार आहे की कोणी माणूस तिच्यापुढे कळफलक घेऊन बसणार आहे, हे लिहिणाऱ्यास पुष्कळदा ठाऊक नसते. मग व्यत्ययाची तरतूद तो कशाच्या आधारे करणार?

पण सोयीची किंमत लवकरच दिसून आली. काही आज्ञावल्यांना व्यत्यय हवाच होता. दहा सेकंदांत उत्तर न आल्यास वाचन सोडून द्यावे, यासाठी गजर लावण्याची जुनी युक्ती होती. कॉल आपोआप पुन्हा सुरू होऊ लागताच ती निकामी झाली. म्हणून १९८६ च्या ४.३ बीएसडीमध्ये सिगइंटरप्ट नावाचे साधन आले व प्रत्येक सिग्नलपुरती पुनरारंभाची प्रथा बंद करता येऊ लागली. दुसरीकडे सिस्टिम फाइव्ह या व्यापारी शाखेत चूक परत पाठविण्याची मूळ रीत चालूच होती. १९८८ सालच्या पोसिक्स मानकाने सिगॲक्शन हा कॉल दोन्ही घराण्यांसाठी नेमून दिला. पुढे त्यास एसए-रीस्टार्ट नावाचा ध्वज जोडला गेला. हँडलर नेमताना हा ध्वज दिला तर कॉल पुन्हा सुरू व्हावा, न दिला तर ईआयएनटीआर यावा, असा तोडगा निघाला.

तोडगा कागदावर स्वच्छ दिसतो. प्रत्यक्षात कोणता कॉल कसा वागतो हे प्रयोगानेच पाहिले पाहिजे, आणि हा प्रयोग दिसतो तितका सोपा नाही. १९९१ साली लिनस टॉरव्हाल्ड्सने सुरू केलेली लिनक्स प्रणाली ज्यावर चालते असे कोणतेही यंत्र त्यास पुरेसे आहे.

सर्वांत सरळ मांडणी अशी. एक रिकामा पाइप तयार करावा, दोन सेकंदांचा गजर लावावा, आणि पाइपमधून एक बाइट वाचण्याची मागणी करावी. येथेच पहिली चूक घडण्याचा संभव असतो. पाइपचे लिहिण्याचे टोक कोणाकडेच उघडे नसेल, तर गाभा वाट पाहत नाही. आता कधीच काही येणार नाही असे जाणून तो शून्य बाइट परत देतो. म्हणून लिहिण्याचे टोक हेतुपुरस्सर उघडे ठेवावे लागते. दुसरी दक्षता हँडलरविषयीची. त्यात एक गणकांक वाढविण्यापलीकडे काही करू नये. पडद्यावर मजकूर छापणारी नेहमीची साधने हँडलरच्या आत सुरक्षित नसतात, कारण मुख्य आज्ञावली त्याच साधनाच्या मध्यावर असताना सिग्नल आलेला असू शकतो.

ध्वज न देता हा प्रयोग केला तर दोन सेकंदांनी रीड हा कॉल उणे एक घेऊन परततो आणि चुकीचा क्रमांक ४ असतो. ध्वज देऊन केला तर काहीच होत नाही. आज्ञावली वाट पाहतच राहते. पण या काहीच न होण्याचा अर्थ काय? कॉल मोडला व पुन्हा सुरू झाला, की मुळात मोडलाच नाही? नुसते पाहून यातला फरक कळत नाही. म्हणून दोन प्रक्रिया घ्याव्या लागतात. पालक प्रक्रिया निरीक्षकाचे काम करते आणि अपत्य प्रक्रिया वाट पाहते. निरीक्षक दुसऱ्या सेकंदाला सिग्नल पाठवितो आणि पाचव्या सेकंदाला पाइपमध्ये एक बाइट लिहितो. अपत्य दोन सेकंदांनी जागे झाले व गणकांक १ आहे, तर कॉल मोडला. पाच सेकंदांनी एक बाइट घेऊन जागे झाले आणि तरीही गणकांक १ आहे, तर मधे हँडलर चालून कॉल पुन्हा सुरू झाला. गणकांक शून्यच असेल तर सिग्नल पोहोचलाच नव्हता. सिग्नलकडे दुर्लक्ष करण्याची सूचना असताना किंवा तो रोखून धरलेला असताना नेमके हेच तिसरे फळ मिळते. झोप मोडत नाही.

अजूनही एक फट राहते. यंत्रावर भार असेल तर दोन सेकंद लोटूनही अपत्य प्रक्रिया रीडपर्यंत पोहोचलेली नसेल. अशा वेळी सिग्नल आधीच येऊन जातो, हँडलर चालतो, आणि त्यानंतर आज्ञावली रीडमध्ये शिरून निश्चिंत झोपते. ध्वज दिलेला नसताही कॉल मोडलेला दिसत नाही आणि प्रयोग करणारा खोटा निष्कर्ष काढतो. घड्याळावर विसंबून केलेल्या सर्वच चाचण्यांत हा दोष असतो. त्या शंभर वेळा बरोबर उत्तर देतात आणि एकशे एकाव्या वेळी फसवितात. लिनक्समध्ये त्यावर उपाय आहे. प्रॉक नावाच्या निर्देशिकेत प्रत्येक प्रक्रियेची सद्यःस्थिती सांगणाऱ्या फाइली असतात. त्यांपैकी सिसकॉल या फाइलीत, प्रक्रिया ज्या कॉलमध्ये अडकून झोपली असेल त्याचा क्रमांक दिसतो. ती चालू असेल तर तसे लिहिलेले असते. इंटेल जातीच्या ६४ बिटांच्या यंत्रांवर रीडचा क्रमांक शून्य आहे. निरीक्षकाने ही फाइल पुनःपुन्हा वाचावी आणि शून्य दिसल्यावरच सिग्नल सोडावा. मग घड्याळाची गरज केवळ निकाल मोजण्यापुरती उरते.

आत काय घडते हे स्ट्रेस या साधनाने पाहता येते. प्रत्येक कॉल व त्याचे उत्तर ते नोंदवीत जाते. व्यत्ययाच्या क्षणी तेथे ४ दिसत नाही. ईरीस्टार्टसिस ही ५१२ क्रमांकाची चूक दिसते. ही चूक सामान्य आज्ञावलीपर्यंत कधीच पोहोचत नाही. गाभ्याने स्वतःशी केलेले ते टिपण असते: हँडलरच्या नेमणुकीत ध्वज असेल तर पुन्हा सुरू करावे, नसेल तर ४ परत द्यावा. पुन्हा सुरू करण्याची रीत तर विशेष उद्‌बोधक आहे. इंटेल जातीच्या प्रक्रियकावर कॉलची सूचना दोन बाइटांची असते. गाभा पुढील सूचनेचा पत्ता दोनने मागे सारतो आणि कॉलचा मूळ क्रमांक जागेवर परत ठेवतो. हँडलरहून परतलेली आज्ञावली नकळत तीच सूचना पुन्हा चालविते. न्यू जर्सीच्या परंपरेत वाढलेल्या प्रणालीने शेवटी मॅसॅच्युसेट्सची माघारच स्वीकारली, असे म्हणावयास हरकत नाही.

रीडच्या जागी इतर कॉल ठेवून हाच प्रयोग केला म्हणजे तोडग्याच्या मर्यादा दिसू लागतात. अपत्याच्या मृत्यूची वाट पाहणारा वेट ध्वजाप्रमाणे वागतो. अनेक उपकरणांवर एकाच वेळी नजर ठेवणारे सिलेक्ट आणि पोल मात्र ध्वज दिला तरी पुन्हा सुरू होत नाहीत. ते नेहमी ईआयएनटीआर देतात. त्यांना वाट पाहण्याची मुदत दिलेली असते, आणि दर व्यत्ययाला पूर्ण मुदत नव्याने मोजली तर ती कधीच संपणार नाही, हे ध्यानात घेतल्यास यात वावगे काही नाही. जाळ्यावरून येणाऱ्या माहितीच्या वाचनाला कालमर्यादा घातली असेल तर तेथेही ध्वज निष्प्रभ ठरतो. स्लीपला दहा सेकंद झोपण्यास सांगून दुसऱ्या सेकंदाला सिग्नल दिला तर तो ८ हा आकडा, म्हणजे उरलेली झोप, परत देतो. ती पुन्हा मागत राहिल्यास दर वेळी थोडी वाढ होऊन एकूण झोप लांबत जाते. ज्यांना नेमक्या वेळी उठावयाचे असते त्यांनी किती वेळ हे न सांगता किती वाजता हे सांगावे, त्यासाठी निराळा कॉल आहे.

तबकडीवरील साध्या फाइलीचे वाचन सिग्नलने मोडत नाही, हे सहाव्या आवृत्तीपासूनचे तत्त्व लिनक्समध्येही दिसते. पण फाइल दुसऱ्या यंत्रावर असेल आणि ते यंत्र बंद पडले असेल, तर शीघ्र मानलेले उपकरण अनंत काळपर्यंत मंद होते. अशा प्रक्रियेला ९ क्रमांकाचा सिग्नलही मारू शकत नसे, आणि व्यवस्थापकांना यंत्रच पुन्हा सुरू करावे लागे. २००८ साली लिनक्सच्या गाभ्यात झोपेचा एक मधला प्रकार आला. त्या झोपेतून फक्त प्राणघातक सिग्नलच जागे करू शकतो. मरणाऱ्या आज्ञावलीला अर्धवट उत्तर मिळाले काय आणि न मिळाले काय, सारखेच, हा त्यामागचा विचार मोठा मार्मिक आहे.

या सर्वांत लेखनाचा, म्हणजे राइट या कॉलचा प्रयोग सर्वांत अधिक लक्ष देण्याजोगा आहे, कारण तेथे केवळ वेळेचा प्रश्न नसून माहितीच्या खरेपणाचा आहे. लिनक्समध्ये पाइपची धारणक्षमता सामान्यतः ६५,५३६ बाइट असते. एखाद्या पेढीच्या दिवसभराच्या एक हजार नोंदी, प्रत्येकी १०० बाइटांच्या, एकाच कॉलने पाइपमध्ये लिहावयाच्या आहेत असे समजावे. एकूण एक लाख बाइट होतात. पलीकडचा वाचक मंद आहे. पाइप भरतो आणि लेखक झोपतो. आता सिग्नल येतो. ध्वज दिला असो वा नसो, कॉल पुन्हा सुरू होत नाही आणि चूकही देत नाही. तो ६५,५३६ हा आकडा घेऊन परततो, म्हणजे एवढे बाइट गेले असे सांगतो. यात ६५५ नोंदी पूर्ण आहेत आणि ६५६ व्या नोंदीचे पहिले ३६ बाइट आहेत.

ज्याने कॉलचे उत्तर उणे एक नाही एवढेच पाहिले, त्याच्या दृष्टीने सर्व काही सुरळीत झाले. प्रत्यक्षात ३४५ नोंदींचा पत्ता नाही. ज्याने कमी भरल्याचे पाहून सगळा मजकूर पहिल्यापासून पुन्हा लिहिला, त्याने ६५५ खातेदारांच्या नोंदी दुबार केल्या आणि दोहोंच्या मधे एक तुटकी नोंद सोडली. योग्य रीत एकच: जेवढे गेले तेवढे वजा करून ६५,५३७ व्या बाइटापासून पुढे लिहीत राहणे, आणि एकही बाइट जाण्यापूर्वी व्यत्यय आल्यामुळे ईआयएनटीआर मिळाला तर तोच कॉल जसाच्या तसा पुन्हा करणे. आवर्तनाच्या या चार-पाच ओळी आहेत. त्या न लिहिल्यामुळे होणारा घोटाळा मात्र महिनोन्‌महिने उघडकीस येत नाही, कारण सिग्नल नेमक्या त्या क्षणी येणे हे विरळा घडते. म्हणूनच चाचणी करताना एकच सिग्नल पाठवून समाधान मानू नये. दर काही सहस्रांश सेकंदाला वाजणारा गजर लावावा, वाचकाला मुद्दाम मंद करावे, आणि शेवटी पलीकडे पोहोचलेल्या नोंदी मूळ नोंदींशी बाइटागणिक ताडून पाहाव्यात.

पुन्हा करणे हाच सर्वत्र उपाय आहे, असा समज मात्र यावरून करून घेणे धोक्याचे आहे. फाइल बंद करणारा क्लोज हा कॉल त्यास अपवाद होय. त्यात व्यत्यय आल्यास फाइल उघडी राहते की बंद होते हे पोसिक्सने दीर्घकाळ अनिश्चित ठेवले होते. लिनक्समध्ये ईआयएनटीआर आला तरी फाइलीचा क्रमांक मोकळा झालेला असतो. तो मोकळा क्रमांक त्याच आज्ञावलीच्या दुसऱ्या धाग्याने एव्हाना नव्या फाइलीसाठी घेतलेला असू शकतो. शहाणपणाने पुन्हा क्लोज करणारा लेखक मग दुसऱ्याचीच फाइल बंद करून बसतो.

सिग्नलने कॉल मोडावा अशी इच्छा असणाऱ्यांची अडचण याच्या उलट आहे. सिग्नल आला का ते खुणेवरून तपासावे आणि नसेल तर वाचनास बसावे, अशी त्यांची आज्ञावली असते. तपासणी आणि बसणे यांच्या मधल्या फटीत सिग्नल आला तर तो वाया जातो, आणि आज्ञावली पुढच्या सिग्नलपर्यंत, कदाचित कायमची, झोपून राहते. वर चाचणीत दिसलेली फट ती हीच. सिग्नलची रोख उठविणे आणि वाट पाहण्यास बसणे या दोन्ही गोष्टी गाभ्याकडून एकाच अखंड कृतीत करवून घेणे, हा तिच्यावरील खरा उपाय. पीसिलेक्ट हा कॉल त्यासाठीच आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांच्या नावाने ओळखली जाणारी एक युक्तीही प्रचलित आहे. तीत हँडलर आज्ञावलीच्याच एका पाइपमध्ये एक बाइट टाकतो, आणि सिलेक्ट इतर उपकरणांबरोबर त्या पाइपवरही नजर ठेवतो. फटीत आलेला सिग्नल मग हरवत नाही. बाइटाच्या रूपाने तो पाइपमध्ये वाट पाहत राहतो.

उच्च पातळीच्या भाषांनी हे ओझे उचलण्यास बराच उशीर केला. पायथॉनच्या २०१५ साली निघालेल्या ३.५ आवृत्तीपासून व्यत्यय आलेले कॉल भाषाच पुन्हा करू लागली. हँडलरने स्वतःहून अपवाद उभा केला तरच प्रयत्न सोडला जातो. गो या भाषेत उलट घडले. २०२० च्या १.१४ आवृत्तीत, फार वेळ चालणाऱ्या कामाकडून यंत्र काढून घेण्यासाठी तिची अंतर्गत व्यवस्था स्वतःच आपल्या आज्ञावलीला सिग्नल पाठवू लागली. हँडलरला ध्वज दिलेला असूनही मंद कॉल ईआयएनटीआर घेऊन परतण्याचे प्रकार वाढतील, अशी सूचना त्या आवृत्तीसोबतच दिलेली होती. पुढील आवृत्त्यांत भाषेच्या मूळ संग्रहातच, फाइल उघडणे व वाचणे यांसारख्या नित्याच्या कामांभोवती, पुनःप्रयत्नाची आवर्तने घालण्यात आली.